घरच्या कोंबड्या व पाळींव पांखरें यांच्या किरकोळ दुखापती आणि त्यांवरील प्रथमोपचार

शेतकऱ्याच्या घरीं बैलाचा खांदा सुजला किंवा गाईनें दोन वेळां वैरण सोडली, तर सारें घर गोठ्यांत जमतें. जाणत्या माणसास बोलावणें जातें, गुरांच्या दवाखान्याकडे कोणीतरी धांवतें, आणि जनावर उठून उभें राहीपर्यंत कोणास घांस गोड लागत नाहीं. परंतु अंगणांतील कोंबडीचा पाय मोडला किंवा पंख फाटला, तर तिचा विचार करण्यास पाव घटकाही लागत नाहीं. बहुधा त्याच संध्याकाळीं तिचा शेवट चुलीवर होतो. ज्यांच्या घरीं मांस खात नाहींत, किंवा ज्यांनीं हौसेनें कबूतरें व परदेशी लहान पोपट पाळले आहेत, त्यांच्याकडे जखमी पांखरूं कोपऱ्यांत पडून राहतें आणि दोन दिवसांनीं मरतें. दोन्ही ठिकाणीं कारण एकच. या लहान जिवास दुखापत झाली असतां पहिल्या तासांत काय करावें, हें आपणांस कोणीं शिकविलेलें नाहीं.

कोंबडीची किंमत ती काय, असें म्हणून हा विषय सोडून देतां येणार नाहीं. ज्या बाईच्या दारांत आठदहा कोंबड्या आहेत, तिच्या मीठमिरचीचा व मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च पुष्कळदां अंड्यांतूनच निघतो. पिलांची आई असलेली एक कोंबडी गेली, म्हणजे तिच्यामागून पिलेंही जाऊं लागतात, आणि पुढच्या सहा महिन्यांचा हिशेब चुकतो. शिवाय जो जीव आपण कोंडून ठेवला आहे, त्यास स्वतःची सोय पाहतां येत नाहीं. तेव्हां त्याची काळजी घेणें हें आपलें कर्तव्यच होय.

आम्ही पशुवैद्य नव्हों. आमचें आयुष्य तहसील कचेरींत सातबाराच्या व फेरफाराच्या नोंदी करण्यांत गेलें. परंतु आमच्या हातून एक चूक झाली, आणि तिनें जें शिकविलें तें इतरांस फुकट मिळावें, एवढ्याचसाठीं ही लेखणी हातीं धरली आहे.

आमच्या हातून झालेली चूक

सातारा जिल्ह्यांतील आमच्या गांवीं आमच्या परसास लागून एका विधवा बाईंचें घर आहे. सारी आळी त्यांस आक्का म्हणते. पावसाळ्याच्या तोंडीं एके दिवशीं आमच्या कुत्र्यानें त्यांची पिलांची कोंबडी धरली. ओरड ऐकून आम्ही धांवलों व तिला सोडविलें. पाठीवरचें कातडें चार बोटें फाटलें होतें आणि रक्त थोडेंच वाहत होतें. डोळे उघडे होते, मान ताठ होती. म्हणजे ती जगण्यासारखी होती. पुढें जें झालें तें कुत्र्यानें केलें नाहीं, आमच्या उतावळेपणानें केलें.

आम्हीं तिला दोन्ही हातांनीं उराशीं घट्ट आवळून धरलें. गार पाण्याची तपेली जखमेवर ओतली. मुलें गोळा झालीं व जो तो वांकून पाहूं लागला. जखमेंत किडे पडूं नयेत म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून रॉकेल चोळलें आणि वर मूठभर हळद दाबली. शेवटीं तिनें डोळे मिटले असें पाहून आम्हीं चोंच उघडली व वाटीनें पाणी घशांत ओतलें. तिनें एकदां मान झाडली आणि आमच्या हातांतच प्राण सोडला. हें सारें अर्ध्या तासांत झालें.

आम्हीं किंमत देऊं केली. आक्का एवढेंच म्हणाल्या, “पैसं राहूं द्या, भाऊसाहेब. कुत्र्यानं मारली असती तर मी बोलले नसते. तुम्ही पाणी पाजलंत आन् तिनं मान टाकली.” मागें अकरा पिलें होतीं. त्यांतील पांच घारीनें व पावसानें नेलीं. सहा कशींबशीं जगलीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेलों, घडलें तें सर्व सांगितलें, आणि आमचें कोठें चुकलें तें विचारलें. तेथील डॉक्टरांनीं बोटें मोजून पांच चुका सांगितल्या: उराशीं आवळणें, गार पाणी ओतणें, भोंवतीं गर्दी होऊं देणें, रॉकेल लावणें आणि घशांत पाणी ओतणें. जखम त्या पांचांत नव्हतीच. तेव्हांपासून आम्ही हा विषय विचारून, वाचून व अनुभवून थोडाफार समजून घेतला. त्याचें सार एका वाक्यांत असें, कीं किरकोळ दुखापतीनें पांखरूं क्वचित् मरतें. तें मरतें भीतीनें, गारठ्यानें, रक्त जाऊं दिल्यानें आणि माणसाच्या घाईनें.

पांखराचें शरीर गुरासारखें नाहीं

उपचार सांगण्यापूर्वीं कारणें सांगणें अवश्य आहे, म्हणजे उपचार लक्षांत राहतील.

पहिली गोष्ट श्वासाची. माणसाच्या व गाईच्या पोटांत फुफ्फुसांखालीं एक पडदा असतो व तो हलून श्वास चालतो. पांखरास असा पडदा नाहीं. त्याच्या छातीचें हाड पुढेंमागें हलतें, आणि त्यानें अंगांतील हवेच्या पिशव्या भात्याप्रमाणें भरतात व रिकाम्या होतात. छाती दाबून धरली कीं भाता बंद पडला. नाक उघडें, तोंड उघडें, तरीही पांखरूं गुदमरतें.

दुसरी गोष्ट रक्ताची. पांखराच्या अंगांतील रक्त त्याच्या वजनाच्या शेंकडा ७ ते १० च्या सुमारास असतें. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगांत तें शंभरसव्वाशें मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका लहान पेल्याएवढें. बाजारांत ज्यास लोक सरसकट लव्हबर्ड म्हणतात, तो बजरीगर जातीचा लहान पोपट तीसपस्तीस ग्रॅमचा असतो. त्याच्या अंगांत रक्ताचे पन्नाससाठच थेंब. आपणांस जे दहाबारा थेंब कांहींच वाटत नाहींत, तेवढ्यांतच त्याचा जीव धोक्यांत येतो.

तिसरी गोष्ट उष्णतेची. कोंबडीच्या अंगाची स्वाभाविक उष्णता ४१ ते ४२ अंश सेंटिग्रेड असते. आपल्या अंगांत इतका ताप चढला तर आपण अंथरूण धरूं. तिची ती प्रकृति होय. ही उष्णता पिसांच्या कोरड्या थरानें टिकते. पिसें भिजलीं किंवा तेलकट झालीं कीं ती उडून जाते.

चौथी गोष्ट घशाची. पांखराच्या जिभेच्या मुळाशींच श्वासनळीचें तोंड असतें. चोंच उघडून पाणी ओतलें तर तें पोटांत जाण्याऐवजीं छातींत जातें. आमच्या कोंबडीचें तसेंच झालें.

पांचवी गोष्ट स्वभावाची. पांखरूं हें पुष्कळ शिकाऱ्यांचें भक्ष्य असल्यामुळें दुखणें लपविणें हा त्याचा जन्मजात धर्म आहे. पिसें फुगवून, डोळे अर्धे मिटून तें एका जागीं बसलें, म्हणजे दुखणें नुकतें सुरू झालें असें समजूं नये. तें पुष्कळ पुढें गेलें आहे असें समजावें.

पहिल्या तासांत करावयाच्या चार गोष्टी

१. धरणें. घाबरून पळणाऱ्या पांखराच्या मागें धांवूं नये. त्या धांवपळीनेंच पुष्कळ पांखरें दगावतात. कोंबडी असेल तर अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवून तिच्या अंगावर सुती पंचा टाकावा. पिंजऱ्यांतील पांखरूं असेल तर खोलीतील दिवा मालवून मऊ फडक्यानें धरावें. पंख अंगाशीं मिटलेले असावे, पाय खालून आधारलेले असावे, आणि छातीवर मुळींच दाब नसावा. कोंबडीचें डोकें फडक्यानें हलकेंच झांकलें तर ती लवकर शांत होते. नाक व चोंच मात्र मोकळी ठेवावी. धरणारा एक व पाहणारा एक, अशीं दोनच माणसें असावीं.

२. रक्त थांबविणें. धुणें, औषध लावणें, नीट पाहणें हें सर्व मागाहून. प्रथम स्वच्छ सुती फडक्याची घडी जखमेवर ठेवून बोटानें दाबावें. पूर्ण पांच मिनिटें दाबावें आणि मध्यें उचलून पाहूं नये. पाहिलें कीं धरलेली खपली सुटते. घड्याळ समोर ठेवावें, कारण अशा वेळीं एक मिनिट पांच मिनिटांसारखें वाटतें.

३. ऊब देणें. तळाशीं जुनें धोतर किंवा गोणपाट घातलेलें खोकें अथवा डालगें घ्यावें. कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून एका बाजूस ठेवावी, किंवा चाळीससाठ वॅटचा जुन्या तऱ्हेचा तापणारा दिवा एका बाजूनें हातभर अंतरावर लावावा. आंतील ऊब ३० अंशांच्या आसपास असावी. ऊब एकाच बाजूस ठेवण्याचें कारण असें, कीं जास्त झाली तर पांखरास दुसऱ्या बाजूस सरकतां यावें. चोंच उघडून धापा टाकूं लागलें व पंख अंगापासून दूर धरूं लागलें, तर ऊब अधिक झाली असें समजून कमी करावी.

४. एकांत देणें. खोक्यावर फडकें टाकून अर्धवट अंधार करावा आणि तें मुलें, कुत्रें व मांजर यांपासून दूर ठेवावें. कोंबड्यांच्या बाबतींत हें दुप्पट अवश्य आहे. कोंबड्यांस तांबडा रंग दिसला कीं त्या टोंचूं लागतात. आपल्याच जातीच्या जखमी कोंबडीस त्या टोंचून टोंचून मारतात. म्हणून जखमेवर पूर्ण खपली धरून पिसें येऊं लागेपर्यंत तिला खुराड्यांत सोडूं नये, आणि सोडावयाची ती दिवस मावळल्यावर, सर्व बसल्या असतां सोडावी. सकाळीं तिला पाहून फारशी मारामारी होत नाहीं.

या चार गोष्टी झाल्यावर अर्धा तास पांखराकडे जाऊं नये. तें स्वस्थ झालें, मान वर करून पाहूं लागलें, म्हणजे पुढील उपचारास हात घालावा. पाणी उथळ वाटींत समोर ठेवावें. न प्यायलें तर बोट ओलें करून चोंचीच्या कडेस एकएक थेंब लावावा. तें आपण होऊन गिळील. ओतूं मात्र कधींही नये.

नख, चोंच व कोंवळें पीस

नख मुळाशीं तुटलें तर रक्त भळभळ येतें व घरचीं माणसें घाबरतात. तेथें मक्याचें किंवा आरारुटाचें पीठ चिमूटभर घेऊन दाबावें. बारीक तुरटीही चालते. हें नखास व चोंचीच्या टोंकासच लावावें. उघड्या मांसल जखमेंत पीठ किंवा तुरटी भरूं नये. हळदीविषयींही आमचें मत आतां तसेंच झालें आहे. नखाच्या टोंकास चिमूटभर लावल्यास हरकत नाहीं. परंतु मोठ्या जखमेंत ती दाबून भरली असतां तिचा लगदा बसतो, आंत घाण कोंडते, आणि दवाखान्यांत गेल्यावर डॉक्टरांस प्रथम ती खरवडून काढावी लागते.

पांखराचें नवें पीस वाढत असतां त्याच्या देंठांत रक्त खेळत असतें. असें कोंवळें पीस आपटून मोडलें तर नळी फुटल्याप्रमाणें रक्त गळतें. पुष्कळ जाणते लोक तें लागलीच उपटतात. हें बरें नव्हे. उपटतांना मूळ फाटलें तर रक्त अधिक जातें, आणि पंखाचें मोठें पीस असल्यास हाडासही इजा होते. प्रथम पीठ लावून पांच मिनिटें दाबावें व पांखरूं अंधारांत ठेवावें. दोन वेळां करूनही रक्त न थांबल्यास दवाखाना गांठावा.

जखम धुणें

एक लिटर पाणी उकळून त्यांत चहाचा दीड चमचा सपाट मीठ घालावें व तें कोमट होऊं द्यावें. हेंच पांखराच्या जखमेस उत्तम धुवण. सुई काढलेल्या पिचकारीनें किंवा कापसाच्या बोळ्यानें जखमेपुरतेंच पाणी सोडावें. सगळें अंग भिजवूं नये. जखमेच्या कडेचीं पिसें कात्रीनें आंखूड करावीं, म्हणजे तीं आंत चिकटत नाहींत. नंतर पोव्हिडोन आयोडीनचें औषध त्याच कोमट पाण्यांत पातळ चहाच्या रंगाइतकें सौम्य करून हलकेंच लावावें. डोळ्यास माती किंवा भुसा गेला असेल तर फक्त मिठाचें पाणीच वापरावें.

जखम पाठीच्या वरच्या अंगास किंवा पंखाच्या खांद्याकडील हाडाजवळ खोल असेल तर आंत पाणी सोडूं नये. कोंबडीच्या खांद्याचें हाड पोकळ असतें व तें श्वासाच्या पिशव्यांशीं जोडलेलें असतें. तेथें ओतलेलें पाणी थेट श्वासांत उतरतें.

रॉकेल, टर्पेंटाईन, स्पिरिट, फिनेल यांपैकीं कांहींही लावूं नये. गुरांच्या जखमेंत किडे पडले असतां टर्पेंटाईनचा बोळा घालण्याची चाल आहे. ती पांखरास लागूं करूं नये, कारण त्याची कातडी कागदासारखी पातळ असून विष लवकर आंत शोषतें. तेल, तूप, लोणी व चिकट मलमेंही नकोत. एक तर पिसें चिकटून ऊब जाते, आणि दुसरें, पांखरूं चोंचीनें अंग साफ करतांना तें सर्व पोटांत घेतें. माणसाकरितां असलेल्या, जागा बधिर करणाऱ्या मलमांनीं लहान पांखरें दगावतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

हाड मोडल्यास

पांखराचें हाड गुराच्या हाडापेक्षां लवकर सांधतें. दोन ते तीन आठवड्यांत तें धरतें. यांत लाभ आहे तसाच धोकाही आहे, कारण वांकडें धरलेलें हाड वांकडेंच राहतें. म्हणून मोडलेलें हाड आपण बसवूं नये. हलूं न देतां एका दिवसाच्या आंत डॉक्टरांपर्यंत नेणें, एवढेंच आपलें काम.

पंख लोंबत असेल तर तो स्वाभाविकपणें मिटवून अंगाशीं धरावा आणि मऊ फडक्याची पट्टी पंखावरून व अंगाभोंवतीं सैल गुंडाळावी. पट्टीखालीं करंगळी सहज शिरली पाहिजे. नाहींतर पुन्हां तोच छाती आवळण्याचा दोष घडेल. पायाची खवल्यांची नळी मोडली असेल तर कापूस गुंडाळून दोन्ही बाजूंनीं बांबूच्या पातळ, गुळगुळीत कामट्या लावाव्या व चिकटपट्टीनें बांधावें. बोटें उघडीं ठेवावीं. तीं गार पडलीं किंवा सुजलीं तर बंध घट्ट झाला असें समजून लागलीच सोडावा. नळीच्या वरील मांसल मांडींतलें हाड मोडलें असेल तर कामट्या लावूं नयेत. तेथें बांध बसत नाहीं व ओझ्यानें हाड अधिकच सरकतें. पांखरूं फडक्यांत गुंडाळून लहान खोक्यांत बसवावें व न्यावें.

मांजर, माशी व मांजा

मांजराच्या दांताची खूण सुईच्या टोंचीएवढी असते. रक्त येत नाहीं, पांखरूं दाणे टिपतें, आणि घरचीं माणसें निश्चिंत होतात. परंतु मांजराच्या तोंडांत पाश्चुरेला नांवाचे जंतु असतात. ते पांखराच्या रक्तांत शिरले म्हणजे एकदोन दिवसांत तें मरतें. आमच्या घरच्या एका तलंगेचें असेंच झालें. आम्हीं ऊब दिली, जखम धुतली, सर्व यथासांग केलें. परंतु त्या दिवशीं सुटी होती म्हणून दवाखाना दुसऱ्या दिवसावर टाकला. दुसऱ्या दिवशीं न्यावयास कांहीं उरलें नव्हतें. मांजरानें धरलेलें पांखरूं, जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. घरगुती उपाय येथें पुरा पडत नाहीं.

पावसाळ्यांत व उन्हाळ्याच्या अखेरीस उघड्या जखमेवर माशी अंडीं घालते आणि एका दिवसांत किडे दिसूं लागतात. म्हणून जखमी पांखरास मच्छरदाणीचें कापड लावलेल्या खोक्यांत ठेवावें आणि जखम सकाळसंध्याकाळ पाहावी. पाठीमागच्या बाजूस विष्ठा चिकटली असेल तर तेथील पिसें कापून जागा कोरडी ठेवावी. किडे बहुधा तेथूनच सुरू होतात. पडलेच तर बोथट चिमट्यानें एकएक वेंचावा, कोमट मिठाच्या पाण्यानें धुवावें व दवाखान्याकडे निघावें.

तिसरा शत्रु दोऱ्याचा. घरांत गळलेले केंस, शिवणाचे दोरे व पतंगाचा मांजा कोंबड्यांच्या व कबूतरांच्या बोटांत अडकतात आणि चालतां चालतां आवळत जातात. शेवटीं बोट काळें पडून झडतें. आठवड्यांतून एकदां पाय उचलून पाहण्याची संवय ठेवावी. दोरा सांपडल्यास ओढूं नये. पाय कोमट पाण्यांत दहा मिनिटें बुडवून, बारीक कात्रीच्या टोंकानें दोरा जागोजाग कापून सोडवावा. नायलॉनच्या मांज्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं देशभर मनाई केली आहे. तरी संक्रांतीच्या सुमारास तो झाडांवर लोंबतांना दिसतो. मुलांकडून तो गोळा करवून जाळण्याऐवजीं बारीक तुकडे करून कचऱ्यांत टाकवावा, म्हणजे पुढील अपघात टळतील.

उन्हाचा तडाखा

आतांपर्यंत ऊब देण्याविषयीं लिहिलें. चैत्रवैशाखांत मात्र उलट करावें लागतें. कोंबडीस घाम येत नाहीं. ती चोंच उघडून धापा टाकूं लागली, पंख पसरून पडली, तुरा काळवंडला, तर तिला सांवलींत वाऱ्यावर न्यावें, पाय साध्या थंड पाण्यांत बुडवावे व पंखांखालची जागा ओल्या फडक्यानें पुसावी. बर्फाचें पाणी वापरूं नये. शुद्धीवर येऊन मान धरूं लागल्यावर चोंच पाण्यास टेंकवावी, म्हणजे ती आपण होऊन पिईल.

औषधांविषयीं सावधगिरी

जें औषध माणसास किंवा गुरास मानवतें तें पांखरास मानवेलच असें नाहीं, आणि याचा मोठा दाखला आपल्या देशानेंच पाहिला आहे. डायक्लोफिनॅक हें दुखण्यावरील औषध गुरांस देत असत. अशीं गुरें मेल्यावर त्यांचें मांस गिधाडांनीं खाल्लें आणि मूत्रपिंडें निकामी होऊन गिधाडें मेलीं. कोठेंही दिसणारा हा पक्षी त्यामुळें दुर्मिळ झाला. २००४ सालीं हें कारण शास्त्रज्ञांनीं उघडकीस आणलें व २००६ सालीं गुरांकरितां तें औषध बनविण्यास भारत सरकारनें बंदी केली. तेव्हां आपल्या डोकेंदुखीच्या गोळीचा चतकोर तुकडा कोंबडीस देण्यापूर्वीं हें आठवावें. डॉक्टरांनीं जंतुनाशक औषध दिलें तर तें चालू असतां व पुढें ते सांगतील तितके दिवस त्या कोंबडीचीं अंडीं खाण्यांत किंवा विक्रींत आणूं नयेत.

आणखी दोन गोष्टी येथें सांगणें अवश्य आहे. एकाच वेळीं पुष्कळ पांखरें मान टाकूं लागलीं, तुरे निळे पडले, किंवा सकाळीं खुराड्यांत तीनचार मेलेलीं सांपडलीं, तर तो दुखापतीचा प्रकार नव्हे. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूचा रोग प्रथम आढळला, त्या वेळीं लाखों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळीं पांखरांस उघड्या हातानें शिवूं नये, मेलेलीं ओढ्यांत टाकूं नयेत, आणि पशुसंवर्धन खात्यास तत्काळ कळवावें. दुसरी गोष्ट अशी, कीं शेतांत सांपडलेला रानपोपट, घार किंवा घुबड बरें करून घरीं ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. त्यांस ऊब व अंधार देऊन वन खात्याच्या स्वाधीन करावें.

घरीं ठेवावयाची पेटी

पत्र्याच्या एका डब्यांत पुढील वस्तु ठेवाव्या: धुतलेल्या सुती फडक्याच्या घड्या, कापूस, चिकटपट्टी, बारीक कात्री, बोथट चिमटा, सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या, पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली, मिठाची पुडी, मक्याच्या पिठाची पुडी, तुरटीचा खडा आणि चार कामट्या. यांतील बहुतेक वस्तु घरांतच असतात. वेळेवर सांपडत नाहींत एवढेंच. डब्याच्या झांकणावर आंतून जवळच्या दवाखान्याची वेळ लिहून चिकटवावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकास बोलावण्याचा १९६२ हा क्रमांकही तेथेंच लिहावा.

गेल्या सुगीच्या दिवसांत आक्कांच्या एका तलंगेच्या पायाची नळी दाराच्या फळींत सांपडून मोडली. त्या तिला पदरांत गुंडाळून आमच्या दारीं घेऊन आल्या. “भाऊसाहेब, तुमचा डबा काढा,” एवढेंच म्हणाल्या. आम्हीं कामट्या लावल्या, रात्रभर खोक्यांत ऊब दिली व सकाळीं डॉक्टरांस दाखविलें. त्यांनीं बंध तसाच ठेवण्यास सांगितला. तीन आठवड्यांनीं तो सुटला. तलंग आजही किंचित् लंगडते, परंतु अंडीं देते, आणि या पावसाळ्यापूर्वीं रवणीवर बसली आहे. गेलेली कोंबडी यामुळें परत आली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आक्का आमच्या दारांत पुन्हां पांखरूं घेऊन आल्या, हें आम्हांस थोडें वाटत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांनीं कोंबड्या, बदकें किंवा कबूतरें यांच्या दुखापतींवर स्वतः कांहीं उपचार करून पाहिले असतील, त्यांनीं गुण आलेले व न आलेले असे दोन्ही अनुभव मासिकाकडे अवश्य पाठवावे. न आलेल्या गुणाची नोंद ही आलेल्या गुणाच्या नोंदीइतकीच उपयोगी असते, हें कचेरींतील व अंगणांतील अशा दोन्ही अनुभवांनीं आम्ही सांगूं शकतों. इत्यलम्.